निवर्तित अवसादरोधके

अवसाद (दीर्घकाळ टिकणारी खिन्नता, निरुत्साह, सुखशून्यता, निद्रा व भूक यांतील बिघाड इ. लक्षणांनी युक्त असा मनोविकार) या विकारावर गुणकारी म्हणून रीतसर विक्रीस आलेली, परंतु पुढे गंभीर दुष्परिणाम आढळल्यामुळे बाजारातून मागे घेतली गेलेली औषधे. औषध मागे घेण्याच्या क्रियेस निवर्तन म्हणतात. निवर्तन तीन प्रकारे होते : उत्पादक स्वतः औषध मागे घेतो, शासन त्याचा परवाना रद्द करते किंवा त्याच्या निर्मितीवर व विक्रीवर कायद्याने बंदी घातली जाते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः डोपामीन या तंत्रिका-प्रेषकावर (एका तंत्रिका कोशिकेकडून दुसरीकडे संदेश नेणाऱ्या रासायनिक द्रव्यावर) क्रिया करणाऱ्या औषधांचा विचार केला आहे. या गटातील औषधांचे निवर्तन वारंवार झाले आहे. ती घेऊन बरे वाटलेले रुग्ण निवर्तनानंतरही त्यांचा शोध घेत राहतात, म्हणून त्यांच्या धोक्याचे मूल्यमापन हा व्यावहारिक महत्त्वाचा प्रश्न ठरला आहे.

डोपामीन व अवसाद : मनःस्थितीचा मेंदूतील रसायनांशी संबंध असावा, या कल्पनेस बळ मिळण्यात भारतीय वनस्पतीचा वाटा मोठा आहे. सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला व या वनस्पतीकडे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष वेधले गेले. १९५२ साली तीतून रेसरपीन हे अल्कलॉइड वेगळे करण्यात आले. ते घेणाऱ्या काही रुग्णांत खिन्नता उद्भवल्याचे नमूद झाले. रेसरपिनामुळे मेंदूतील सेरोटोनीन, नॉरॲड्रेनॅलीन व डोपामीन यांचे साठे रिते होतात, असे आढळल्यावरून या द्रव्यांच्या न्यूनतेमुळे अवसाद होतो अशी उपपत्ती पुढे आली. हा कार्यकारणसंबंध मुळात मानला गेला तितका सरळ नाही, असे नंतरच्या चिकित्सक परीक्षणांत दिसून आले आहे. स्वीडिश शास्त्रज्ञ आर्व्हीड कार्लसन यांनी १९५७ च्या सुमारास रेसरपिनाने निश्चल झालेल्या सशांना डोपामिनाचे पूर्वद्रव्य एल-डोपा टोचले असता ते पुन्हा हालचाल करू लागतात, असे दाखविले. डोपामीन हे स्वतंत्र तंत्रिका-प्रेषक आहे, हे यामुळे प्रस्थापित झाले. या कार्याबद्दल कार्लसन यांना २००० सालच्या नोबेल पारितोषिकाचा सहभागी मान मिळाला.

मेंदूच्या मध्य भागातील कोशिकांपासून निघणारे डोपामिनाचे काही मार्ग हालचालींचे नियंत्रण करतात, तर काही मार्ग उद्दिष्टाकडे प्रवृत्त होणे, फलाची अपेक्षा करणे व प्रयत्न चालू ठेवणे या क्रियांशी निगडित आहेत. अवसादाच्या काही रुग्णांत दुःखापेक्षा प्रवृत्तीचा लोप प्रबळ असतो. असा रुग्ण रडत नाही, पण अंथरुणातून उठतही नाही. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी त्याला निरर्थक वाटतात. सेरोटोनिनावर क्रिया करणाऱ्या प्रचलित औषधांनी यांपैकी काहींची खिन्नता कमी होते. परंतु निरुत्साह टिकून राहतो. अशा रुग्णांत डोपामिनाची क्रिया वाढविणारे औषध विशेष उपयुक्त ठरेल, या अपेक्षेने अनेक संयुगे तयार करण्यात आली. प्रवृत्तीचे हेच मार्ग औषधासक्तीतही गुंतलेले असतात. त्यामुळे या गटातील औषधाचा गुण व त्याचा एक दोष ही पुष्कळदा एकाच मुळातून आलेली असतात.

इतिहास : आधुनिक अवसादरोधकांपैकी पहिलेच औषध निवर्तित आहे. आयप्रोनियाझीड हे संयुग क्षयरोगावर योजिले होते. १९५२ साली न्यूयॉर्क येथील सी व्ह्यू रुग्णालयातील क्षयरुग्ण ते घेतल्यावर असामान्य उत्साही झाल्याचे दिसून आले. हे द्रव्य मोनोअमाइन ऑक्सिडेज या एंझाइमाला रोधते व त्यामुळे डोपामिनासह तिन्ही प्रेषकांचा विनाश मंदावतो. १९५७ साली नेथन क्लाइन व त्यांचे सहकारी यांनी अवसादावरील त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. परंतु काही रुग्णांना तीव्र यकृतशोथ झाल्याने १९६१ साली ते अमेरिकेतून मागे घेण्यात आले. याच गटातील नायलामाइड या औषधावर भारत सरकारने बंदी घातली. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० यात १९८२ च्या दुरुस्तीने कलम २६अ समाविष्ट झाले. त्याखाली जुलै १९८३ मध्ये निघालेल्या पहिल्या अधिसूचनेत फेनासिटीन, ॲमिडोपायरीन, प्रॅक्टोलॉल इत्यादींबरोबर नायलामाइडाचाही अंतर्भाव होता. फ्रान्समध्ये मिनाप्रीन हे डोपामिनावरही परिणाम करणारे औषध आकडी येण्याच्या धोक्यामुळे १९९६ साली मागे घेतले गेले. धोक्याच्या स्वरूपातील फरक समजण्यासाठी पुढील तीन औषधे विशेष बोधप्रद आहेत.

नोमिफेन्सीन : हे औषध हेख्स्ट या जर्मन कंपनीने तयार केले व १९७६ साली पश्चिम जर्मनीत विक्रीस आणले. तंत्रिका कोशिकेतून बाहेर पडलेले डोपामीन व नॉरॲड्रेनॅलीन त्याच कोशिकेत पुन्हा शोषले जाण्याची क्रिया ते रोखते, त्यामुळे दोन कोशिकांमधील फटीत ही द्रव्ये अधिक काळ राहतात. त्रिवलयी अवसादरोधकांमुळे होणारी तंद्री, तोंडास कोरड व हृदयावरील अनिष्ट परिणाम याने फारसे होत नसत. म्हणून ते सौम्य व सुरक्षित समजले जाई. मात्र काही रुग्णांत या औषधाशी निगडित प्रतिपिंड तयार होऊन तांबड्या कोशिकांचा अल्पावधीत नाश होई. या रक्तविलयनजन्य पांडुरोगाने काही मृत्यूही ओढवले. अमेरिकेत औषध बाजारात येऊन जेमतेम सहा महिने झाले होते, तोच जानेवारी १९८६ मध्ये उत्पादकाने ते जगभरातून मागे घेतले. ही प्रतिक्रिया मात्रेवर अवलंबून नव्हती, ती कोणास होईल हे आधी सांगता येत नसे व पूर्वी निर्वेधपणे औषध घेतलेल्या रुग्णासही दुसऱ्या खेपेस ती होऊ शके.

अमिनेप्टीन : हे रचनेने त्रिवलयी, परंतु क्रियेने वेगळे असे संयुग आहे. त्याचे रासायनिक सूत्र C22H27NO2 असून त्यातील त्रिवलयी गाभ्यास सात कार्बन अणूंची अम्लधारी शृंखला जोडलेली असते. सर्व्हिए या फ्रेंच कंपनीने ते १९७८ साली ‘सर्व्हेक्टर’ या नावाने विक्रीस आणले. नित्याची मात्रा दिवसास सु. २०० मिग्रॅ. असे. ते डोपामिनाचे पुनर्ग्रहण रोखते व काही अंशी त्याचे उत्सर्जनही वाढविते. नॉरॲड्रेनॅलिनावरील त्याची क्रिया दुर्बल आहे. निरुत्साह व मंदत्व ही लक्षणे प्रबळ असलेल्या रुग्णांत परिणाम लवकर दिसतो, अशी त्याची ख्याती होती.

दुष्परिणामांचे तीन प्रकार नमूद झाले. पहिला, यकृतशोथ : यकृतातील एंझाइमांच्या क्रियेने या औषधापासून एक क्रियाशील द्रव्य तयार होते व काही व्यक्तींमध्ये ते प्रतिरक्षात्मक प्रतिक्रियेस कारणीभूत होते, असे मानतात. अशी कावीळ बहुधा औषध थांबविल्यावर ओसरते. पण पुन्हा घेतल्यास उलटते. दुसरा, त्वचाविकार : दीर्घकाळ मोठ्या मात्रा घेणाऱ्यांच्या चेहऱ्यावर व धडावर मोठ्या गाठींच्या स्वरूपाच्या, विद्रूपता आणणाऱ्या पुटकुळ्या येतात व औषध बंद केल्यावरही त्या बराच काळ टिकतात. तिसरा, औषधासक्ती : विशेषतः पूर्वी मद्य अथवा अन्य पदार्थांचे व्यसन असलेले काही रुग्ण विहित मात्रेच्या कितीतरी पट गोळ्या घेऊ लागले व औषध बंद होताच चिंता, अस्वस्थता व अनिद्रा यांनी ग्रस्त झाले. या कारणांवरून १९९९ साली फ्रान्समध्ये अमिनेप्टीन मागे घेण्यात आले. २००३ साली संयुक्त राष्ट्रांच्या मादक द्रव्य आयोगाने मनःप्रभावी पदार्थांविषयीच्या १९७१ च्या करारातील दुसऱ्या अनुसूचीत त्याचा समावेश केला. अमेरिकेत त्यास औषध म्हणून कधीच मान्यता मिळाली नाही.

टायानेप्टीन या अवसादरोधकाची रचना अमिनेप्टिनासारखी दिसते व नावांतही साम्य आहे. म्हणून एकाच्या जागी दुसरे चालेल, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. टायानेप्टीन मेंदूतील अफूसदृश द्रव्यांच्या ग्राहींवर क्रिया करते, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले असून त्याच्या आसक्तीचे स्वरूपही त्यामुळे निराळे असते.

ब्यूप्रोपिऑन : डोपामीन व नॉरॲड्रेनॅलीन यांचे पुनर्ग्रहण रोखणाऱ्या या औषधास अमेरिकेत डिसेंबर १९८५ मध्ये मान्यता मिळाली. अतिभक्षणाच्या मनोविकाराने पीडित रुग्णांवरील चाचणीत काहींना आकडी आल्यामुळे १९८६ साली ते मागे घेतले गेले. अधिक अभ्यासांती आकडीचा धोका मात्रेशी निगडित असल्याचे स्पष्ट झाले. दिवसास ४५० मिग्रॅ. पर्यंत तो दर हजारी सु. चार रुग्ण इतका असतो; ४५० ते ६०० मिग्रॅ. या मर्यादेत तो जवळजवळ दहापट होतो. त्यामुळे कमाल मात्रा ४५० मिग्रॅ. ठरवून व आकडीचा किंवा अशा आहारविकाराचा पूर्वेतिहास असणाऱ्यांना ते वर्ज्य करून १९८९ मध्ये हे औषध पुन्हा बाजारात आणण्यात आले. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्यांच्या रूपाने त्याचा धोका आणखी घटला. हे औषध भारतातही वैद्याच्या चिठ्ठीवर मिळते.

या तिन्हींच्या तुलनेवरून धोक्याचे वर्गीकरण करता येते. ब्यूप्रोपिऑनाचा धोका मात्रेनुसार वाढतो, म्हणून मात्रा बांधून देता येते. नोमिफेन्सिनाचा धोका व्यक्तीच्या प्रतिरक्षात्मक घडणीत दडलेला असतो व त्यास मात्रेने आळा बसत नाही. अमिनेप्टिनाच्या बाबतीत यकृताचा धोका दुसऱ्या प्रकारचा असून आसक्तीचा धोका औषध वापरण्याच्या रीतीतून उत्पन्न होतो. निवर्तित औषध परत येऊ शकेल की नाही, हे त्याच्या गुणकारितेइतकेच धोक्याच्या प्रकारावर अवलंबून असते.

भारतातील नियमन : एखाद्या औषधापासून माणसास धोका संभवतो, त्यास दावा केलेला गुण नाही किंवा त्यातील घटकांचे प्रमाण वैद्यकीय दृष्ट्या समर्थनीय नाही, असे वाटल्यास केंद्र शासनास कलम २६अ खाली त्याची निर्मिती, विक्री व वितरण यांवर निर्बंध किंवा बंदी घालता येते. आयातीसाठी कलम १०अ मध्ये तशीच तरतूद आहे. डोपामीनलक्ष्यी औषधाविषयी भारतात गाजलेले प्रकरण फ्लुपेंथिक्सॉल व मेलिट्रासेन यांच्या ठराविक मिश्रणाचे होय. लुंडबेक या डॅनिश कंपनीच्या या गोळीत (‘डिअँक्सिट’) ०·५ मिग्रॅ. फ्लुपेंथिक्सॉल व १० मिग्रॅ. मेलिट्रासेन असे. फ्लुपेंथिक्सॉल हे मोठ्या मात्रेत डोपामिनाच्या ग्राहींना रोधणारे चित्तविकृतिरोधक आहे. अल्प मात्रेत ते मुख्यतः डोपामिनाच्या उत्सर्जनास लगाम घालणाऱ्या ग्राहींना रोधते व परिणामी डोपामिनाची क्रिया वाढते, असे त्याच्या उपयोगाचे समर्थन करण्यात येई. मेलिट्रासेन हे त्रिवलयी अवसादरोधक आहे.

संसदेच्या आरोग्य व कुटुंबकल्याण खात्याशी संबंधित स्थायी समितीने मे २०१२ मध्ये ५९ वा अहवाल सादर केला. त्यात ज्या औषधाच्या विक्रीस उत्पादकाच्या मायदेशी, म्हणजे डेन्मार्कमध्ये, परवानगी नाही त्यास भारतात मान्यता कशी मिळाली, असा प्रश्न उपस्थित करण्यात आला. १८ जून २०१३ रोजी केंद्र शासनाने हे मिश्रण, तसेच ॲनाल्जिन व पायोग्लिटाझोन यांची निर्मिती व विक्री स्थगित केली. यांपैकी मधुमेहावरील पायोग्लिटाझोन दीड महिन्याच्या आतच इशाऱ्यांच्या अटीवर पुन्हा खुले झाले व ॲनाल्जिनावरील स्थगिती फेब्रुवारी २०१४ मध्ये उठली. अवसादावरील मिश्रणाचा वाद न्यायालयात गेला व जुलै २०१४ मध्ये त्यावर नव्याने बंदीची अधिसूचना निघाली. एकाच दिवशी थांबविलेल्या तीन औषधांची गती भिन्न झाली, यावरून निवर्तन हा उपलब्ध पुराव्यावर आधारलेला व पुराव्यानुसार बदलू शकणारा निर्णय असतो, हे दिसून येते. मात्र स्थगितीच्या काळात औषध अचानक बंद पडलेल्या रुग्णाचे काय करावे, याविषयी अशा अधिसूचनेत मार्गदर्शन नसते. तो भार उपचार करणाऱ्या वैद्यावर येतो.

परदेशातील औषध स्वतःपुरते आणण्याची सोय १९४५ च्या औषध नियमांत आहे. प्रवाशास आपल्या सामानातून एका औषधाच्या जास्तीत जास्त शंभर सरासरी मात्रा आणता येतात. अन्य मार्गाने आणावयाचे झाल्यास वैद्याच्या चिठ्ठीसह नमुना १२अ मध्ये अर्ज करून नमुना १२ब मधील परवाना घ्यावा लागतो. परंतु मनःप्रभावी पदार्थ म्हणून अनुसूचित झालेल्या द्रव्यांना १९८५ चा अंमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमही लागू होतो. त्यामुळे अशा द्रव्यांच्या बाबतीत केवळ वैद्याची चिठ्ठी पुरेशी होत नाही.

शोध घेण्यामागील कारणे : निवर्तित औषधाचा शोध घेणारा प्रत्येक रुग्ण व्यसनाधीन असतो, असे मानणे अन्यायाचे होईल. पुष्कळ रुग्णांनी तीनचार प्रचलित औषधे पुरेशा मात्रेत व पुरेशा काळ घेतलेली असतात. कोणी एकदा त्या विशिष्ट औषधाने कामावर परत गेलेला असतो, तर कोणी त्याचे गुणवर्णन केवळ वाचलेले असते. लाखांत काही थोड्यांना झालेल्या दुष्परिणामामुळे आपणास गुणकारी औषधापासून वंचित का ठेवावे, हा त्याचा प्रश्न असतो. अनुपचारित अवसादातही आत्महत्येचा धोका असतो, ही गोष्टही खरी आहे. म्हणून या प्रश्नाचे उत्तर तर्काने दिले पाहिजे, उपदेशाने नव्हे.

धोक्याचे मापन : एखादा दुष्परिणाम दहा हजारांत एकास होत असेल, तर तो ९५ टक्के खात्रीने निदान एकदा दिसण्यासाठी सु. तीस हजार रुग्णांचे निरीक्षण करावे लागते. विक्रीपूर्व चाचण्यांत बहुधा काही हजार रुग्णच असतात. त्यामुळे विरळ धोका बाजारात आल्यावरच उघड होतो व ‘मी वर्षभर घेतले, काही झाले नाही’ या एकट्याच्या अनुभवास फार थोडे वजन असते. नोमिफेन्सिनासारख्या औषधाच्या बाबतीत तर पूर्वीचा निर्धोक अनुभव दिलासा देणारा नसतो.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. औषध बाजारात असताना त्याच्या भोवती एक व्यवस्था उभी असते : परवानाधारक कारखाना, प्रत्येक उत्पादनगटाचा क्रमांक, शुद्धतेची चाचणी, मात्रेचे पत्रक, वैद्याची देखरेख व दुष्परिणामांची नोंद. भारतात औषधजागरूकता कार्यक्रम २०१० साली सुरू झाला असून त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोगात आहे. अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत त्याची निरीक्षण केंद्रे आहेत. निवर्तनाबरोबर या व्यवस्थेतून ते औषध वगळले जाते. त्यानंतर चोरट्या मार्गाने मिळणाऱ्या पुडीत किंवा गोळीत तेच द्रव्य आहे का, किती आहे व त्यासोबत दुसरे काय आहे, हे सांगण्यास कोणीही बांधील नसते. जुन्या शोधनिबंधांत नमूद केलेला धोका शुद्ध औषधाचा, ठराविक मात्रेचा व देखरेखीखालील असतो. शोधणाऱ्याच्या वाट्यास येणारा धोका निराळा व अज्ञात असतो. त्यामुळे लाभ आणि हानी यांची तुलना करू पाहणाऱ्याच्या तराजूचे एक पारडेच नाहीसे झालेले असते.

परवानाधारक औषधांतही ही साखळी तुटल्यास काय होते, याची उदाहरणे महाराष्ट्राने पाहिली आहेत. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉलाने दूषित झालेल्या ग्लिसरिनामुळे चौदा रुग्ण दगावले व न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात याच विषाने दूषित खोकल्याच्या औषधामुळे मूत्रपिंडे निकामी झालेल्या अनेक बालकांना नागपूरच्या रुग्णालयांत आणण्यात आले व त्यांतील अनेक वाचू शकली नाहीत. औषधाच्या बाटलीवर नाव व उत्पादनगटाचा क्रमांक होता म्हणूनच ते ओळखता आले व त्याची विक्री थांबविता आली. निनावी पुडीच्या बाबतीत हा माग काढण्याचा मार्गच उरत नाही.

नागपूर व विदर्भ : मध्य प्रांताची राजधानी असलेल्या नागपुरात १८६४ साली मनोरुग्णालय स्थापन झाले. आज ते प्रादेशिक मनोरुग्णालय म्हणून ओळखले जाते व ठाणे, पुणे, रत्नागिरी येथील रुग्णालयांसह राज्याच्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (१९४७) व इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (मेयो रुग्णालय) येथेही मनोविकारांवर उपचार होतात. विदर्भाबरोबरच लगतच्या मध्य प्रदेश व छत्तीसगढमधील रुग्ण या शहरात येतात. गांधीबाग परिसरातील घाऊक औषधबाजारातून दूरवरच्या गावांना औषधे जातात. त्यामुळे एखाद्या औषधावर बंदी आली किंवा त्याचा पुरवठा खुंटला की त्याची झळ येथून दूरवर पोहोचते. परवाने व औषधांचे नमुने यांची तपासणी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे असते.

या भागात मोठी उणीव दुर्मिळ औषधाची नसून प्राथमिक उपचाराची आहे, असे उपलब्ध अभ्यासांवरून दिसते. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत राबविलेल्या ‘विश्राम’ या उपक्रमाचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. आरंभी अवसादग्रस्तांपैकी अवघ्या ४·३ टक्के व्यक्तींनी कोणताही उपचार घेतला होता. गावातील कार्यकर्ते, समुपदेशक व मनोविकारतज्ज्ञ यांच्या साखळीमुळे अठरा महिन्यांत हे प्रमाण २७·२ टक्क्यांवर गेले व अवसादाचे प्रमाणही १४·६ वरून ११·३ टक्क्यांवर आले. राज्य शासनाने शेतकऱ्यांच्या आत्महत्या रोखण्यासाठी २०१५ पासून ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा मराठीतही उपलब्ध आहे.

पर्यायी उपचार : प्रचलित औषधांनी गुण न येणाऱ्या रुग्णात प्रथम निदान पुन्हा तपासावे लागते. अवटू ग्रंथीची मंदता, रक्तक्षय, ब १२ जीवनसत्त्वाची न्यूनता, निद्राविकार, मद्यपान किंवा उन्माद-अवसाद चित्तविकृती यांमुळेही निरुत्साह टिकून राहतो. उन्मादाची प्रवृत्ती असलेल्यास डोपामीनवर्धक औषध दिल्यास उन्माद उफाळण्याचा संभव असतो. त्यानंतर मात्रा व कालावधी पुरेसा होता का, हे पाहून ब्यूप्रोपिऑन देणे, दुसऱ्या औषधाची जोड देणे, मानसोपचार, क्रमशः कृतिशीलता वाढविण्याची पद्धती किंवा तीव्र विकारात विद्युत् आघात चिकित्सा, यांचा विचार केला जातो. एका औषधावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये अंतर ठेवावे लागते. विशेषतः मोनोअमाइन ऑक्सिडेज रोधकांच्या बाबतीत ते बहुधा दोन आठवड्यांचे असते. चालू औषध स्वतःच्या मनाने एकाएकी थांबविणे अपायकारक ठरते.

डोपामिनाच्या दिशेने होणारे संशोधन थांबलेले नाही. कंपवातावरील प्रामिपेक्सोल हे औषध उपचारांना दाद न देणाऱ्या अवसादात जोड म्हणून देऊन ब्रिटनमध्ये १५० रुग्णांवर चाचणी घेण्यात आली. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत लक्षणे स्पष्टपणे कमी झाल्याचे आढळले. मात्र औषध घेणाऱ्यांपैकी सु. पंचमांशांनी दुष्परिणामांमुळे ते सोडले. जुगार, अतिखर्च यांसारख्या अनावर प्रवृत्ती वाढण्याचा धोकाही या औषधगटात लक्षात ठेवावा लागतो. म्हणजे निवर्तित औषधांनी ज्या गरजेकडे निर्देश केला ती गरज खरी आहे. तिची पूर्ती मात्र ज्याची शुद्धता, मात्रा व परिणाम यांवर कोणाची तरी जबाबदार देखरेख आहे अशाच औषधाने होऊ शकते. रुग्णाने आपणास पूर्वी कोणते औषध मानवले होते हे वैद्यास न संकोचता सांगणे व वैद्याने ते निवर्तित आहे एवढ्यावरून न झिडकारता त्यातील उपयुक्त खूण हेरणे, या दोन्ही गोष्टींमुळे योग्य पर्याय सापडण्याची शक्यता वाढते.